ढकल आठवडा

"काय बाबूजी, गैया पाल लई का?"

सिपरी बाजारातल्या भाजीवाल्याने हे विचारलं तेव्हा माझ्या एका काखेत फ्लॉवरच्या पाल्याचा भारा होता आणि दुसऱ्या हाताने मी एका खऱ्याखुऱ्या गायीला मागे रेटत होतो. गाय पाळलेली नाही असं म्हणालो असतो, तर मग पाला कशाला हे सांगावं लागलं असतं; आणि हा पाला केनियाची भाजी करायला नेतोय हे जानेवारीच्या धुक्यात, सकाळी साडेनऊ वाजता, भर बाजारात सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. झाशीचा असलो म्हणून काय झालं! मी आपलं म्हटलं, "हओ." तेव्हापासून आमच्या गल्लीत मी गाय पाळल्याची बातमी आहे. दूध किती देते हे दोघांनी विचारून झालंय, आणि एकाने गोवऱ्यांची आगाऊ मागणी नोंदवली आहे.

या सगळ्याचं मूळ आमची पुतणी. ती आणि तिचा नवरा सहा वर्षांपासून नैरोबीला असतात. संक्रांतीला ती दिल्लीमार्गे आली, म्हणजे धुक्यामार्गे आली. गाडी पाच तास लेट. 2021 च्या डिसेंबरअखेर आमच्या स्टेशनाला वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं, पण गाड्यांच्या वेगात त्याने फरक पडलेला नाही. राणीसाहेबांचा घोडा या गाडीआधी ग्वाल्हेरला जाऊन परत आला असता.

घरी आल्यावर चहा घेता घेता ती म्हणाली, "आजी, उद्या मी तुला आमच्याकडची भाजी करून घालते. सुकुमा विकी."

आईचं वय ब्याऐंशी. कान शाबूत, फक्त तिला हवं तेवढंच ऐकतात. ती म्हणाली, "सुकुमार कोण? जावयाचा मित्र का?"

आमचा नातू लगेच मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "आजी, विकीपीडिया असेल." त्या विकीचा या विकीशी काही संबंध नाही. तो हवाई बेटांतला शब्द, अर्थ 'झटपट'. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं ते नाव होतं, तिथून ते संगणकात शिरलं. पुतणीची विकी स्वाहिलीतली, आणि तिथेही ती मूळची नव्हे. इंग्रजांचा 'वीक' उच्चारायला सोपा करून घेतलाय. विकी म्हणजे आठवडा. सुकुमा म्हणजे ढकल. सुकुमा विकी: ढकल आठवडा.

"स्वस्त असते ना," पुतणी सांगत होती, "पगार संपत आला, मटण परवडेना, की ही भाजी. तिच्यावर आठवडा ढकलायचा."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांचं बरं आहे. आठवड्यावर भागतं. आम्ही महिने ढकलले."

हे अगदी खरं. माझे वडील रेल्वेत कारकून. पगार एक तारखेला. आमच्या घरात कॅलेंडर होतं, पण ते एकादश्या बघायला. तारीख आम्ही ताटात बघून सांगत असू. बटाटा-मटार दिसला की पहिला आठवडा. फ्लॉवरचे तुरे दिसले की दहा तारखेच्या अलीकडे-पलीकडे. फ्लॉवरचे तुरे जाऊन दांडे आले की वीस उलटली. आणि मुळ्याचा पाला आला, की वडील ऑफिसातून कुणाला जेवायला घरी आणत नसत. आई ही सगळी उतरंड इतक्या सफाईने सांभाळायची की आम्हा पोरांना दांड्यांची भाजी हा तुऱ्यांच्या भाजीचा पुढचा भाग वाटायचा, मालिकेचा असतो तसा.

एकदा पुण्याची मावशी 27 तारखेला न कळवता आली. घरात मुळ्याचा पाला, मूठभर डाळ आणि लसणाचा अर्धा गड्डा. आईने तिला पाटावर बसवलं आणि वाढता वाढता सांगितलं, "मुद्दाम इकडचा खास बेत केलाय हं. बुंदेलखंडी." मावशीने ती कृती वहीत उतरवून नेली. पुण्यात ती पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना 'झाशीची भाजी' म्हणून वाढत असे आणि वाढताना किल्ल्याचा इतिहासही सांगत असे.

पुण्याच्या नातेवाइकांचं आणि आमचं हे असंच आहे. तिकडे गेलो की आम्ही झाशीचे, म्हणजे राणीच्या अगदी जवळचे. इकडे आलो की आम्ही 'दक्षिणी'. नारोशंकर 1742 मध्ये इथे सुभेदार होऊन आले, त्यांनी किल्ल्याला शंकरगड जोडला, शहर वाढवलं. झाशीतल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, त्यांचे पूर्वज नारोशंकरांबरोबरच आलेले असतात आणि ते फडणीस असतात. इतके फडणीस घेऊन आलेल्या माणसाच्या फौजेत तलवार कोण धरत होतं आणि भांडी कोण घासत होतं, हा प्रश्न मी एकदा गणपतीत मंडळाच्या जेवणावळीला काढला होता. तेव्हापासून मला पंगतीत शेवटच्या पाटावर बसवतात.

एवढ्या पावणेतीनशे वर्षांत आमच्या चुलीने इथलं पुष्कळ काही आपलंसं केलं. बथुआ आला, हरभऱ्याची कोवळी भाजी आली. 'भाजी' या शब्दाचा मात्र घोळ अजून मिटलेला नाही. बुंदेलखंडात भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. बाकी सगळी सब्जी. पुण्याचा माझा मावसभाऊ इथे बाजारात जाऊन बटाट्याची भाजी कशी दिली विचारू लागला, तेव्हा ती म्हातारी कीव येऊन म्हणाली होती, "आलू के पत्ता को खात, भैया?"

आता पुतणीने बटाट्याच्या नव्हे, पण तेवढ्याच चमत्कारिक पाल्याची मागणी केली होती.

सुकुमाचा पाला म्हणजे कोबीच्या कुळातला, पण गड्डा न धरणारा. झाड उंच वाढत जातं आणि खालची पानं खुडत राहिलं की वर नवी येत राहतात, महिनोन् महिने. नैरोबीत लोक घरामागे चार झाडं लावून ठेवतात. गड्ड्यासाठी थांबायचं नाही, फुलासाठी थांबायचं नाही. भूक लागली की पान तोडायचं. काश्मिरात याच जातीचा पाला 'हाक' म्हणून रोज खातात. झाशीत मात्र तो मिळत नाही. मी सिपरी बाजार पाहिला, सदर बाजार पाहिला. एका ठिकाणी मोबाइलवरचं चित्र दाखवलं, तर त्याने ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाला, "जे तो गोभी है बाबूजी, अबै छोटी है."

तो बिचारा चुकीचं बोलत नव्हता. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि सुकुमा ही वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकाच जातीची पाच भावंडं. एकाने डोकं वाढवलं, एकाने फूल, एकाने गळ्याशी गाठ आणि सुकुमाने काहीच न करता नुसती पानं वाढवली. प्रत्येक घरात एक असतोच असा. आपला 'कोबी' हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'कोव्ह'वरून आला, आणि पोर्तुगालात कोव्ह म्हणजे गड्डाच असं नव्हे, त्यांच्या हिरव्या सूपमध्ये जातो तो सुट्ट्या पानांचा पालाही कोव्हच. म्हणजे आपण नाव पानासकट घेतलं, भाजी फक्त गड्ड्याची घेतली आणि पानं गायीला टाकली.

गायीची गोष्ट इथे येते. फ्लॉवरचा पाला झाशीत विकत नाहीत, टाकतात. भाजीवाला सकाळी गड्डे सोलतो आणि पाला बाजूला ढीग करून ठेवतो. त्या ढिगावर हक्क जनावरांचा. पिकं निघाली की जनावरं मोकळी सोडायची ही बुंदेलखंडातली जुनी चाल. तिला इथे अन्ना प्रथा म्हणतात. पूर्वी पेरणी आली की ती परत बांधत. आता न दुभत्या गायीला परत कोण बांधतो? ती बारा महिने अन्ना. अशा पंधरा-वीस गायी सिपरी बाजारात दुकानं उघडायच्या वेळी हजर असतात आणि प्रत्येकीचा भाजीवाला ठरलेला असतो. मी ज्या ढिगाला हात घातला तो एका पांढऱ्या, एका शिंगाने वाकड्या गायीचा होता. तिने आधी माझ्याकडे ओळखपाळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग मी कोवळी पानं वेचून पिशवीत टाकू लागलो तेव्हा तिच्या नजरेत जे आलं, ते मी याआधी फक्त पेन्शनच्या रांगेत पाहिलंय.

घरी आल्यावर बायकोने पिशवी पाहिली. "ग्वाल्हेर रोडला ग्रासलँड आहे ना," ती शांतपणे म्हणाली, "तिकडे विचारलंत का?" झाशीत 1962 पासून चरागाह आणि चारा यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. सगळं गाव तिला नुसतं ग्रासलँड म्हणतं. पाला कसा वाढवावा, कसा साठवावा, किती पौष्टिक, यावर तिथे गंभीर काम चालतं. खाणारे तेवढे चार पायांचे.

पुतणी मात्र खूश झाली. फ्लॉवरची आतली कोवळी पानं आणि त्यांत भर म्हणून नवलकोलाचा पाला. इकडे त्याला गांठगोभी म्हणतात, आणि तोही फुकटच मिळाला. "चालेल," ती म्हणाली, "मामा म्बोगा असती तर पाच मिनिटांत चिरून दिली असती."

"कोणाचा मामा?" आई.

मामा म्बोगा म्हणजे भाजीवाली. म्बोगा म्हणजे भाजी, मामा म्हणजे आई. नैरोबीच्या गल्लीगल्लीत ती बसलेली असते, पानांची घट्ट सुरळी डाव्या मुठीत धरते आणि गप्पा मारता मारता सुरीने केसासारखी बारीक चिरून पिशवीत भरून देते. चिरणावळ वेगळी मागत नाही. आईला चिरण्याचं कौतुक वाटलं, पण मामा बाई आहे हे काही केल्या पचेना. मग पुतणीने बाकीची नातीही सांगितली. स्वाहिलीत काका म्हणजे मोठा भाऊ. दादा म्हणजे बहीण. बाबू म्हणजे आजोबा. बाबा तेवढे बाबाच.

आईने हिशेब मांडला. "म्हणजे तुझा हा काका तुझा भाऊ झाला. तुझा दादा तुझी बहीण झाला. आणि त्या भाजीवाल्याने ह्याला बाबूजी म्हटलं..."

"म्हणजे आजोबा म्हटलं," बायको म्हणाली. "ते बरोबर आहे."

पण पुढचे शब्द ऐकून आईचा स्वाहिलीबद्दलचा राग निवळला. पैशाला तिथे पेसा म्हणतात. दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी, विमा म्हणजे बीमा, कोथिंबीर म्हणजे दानिया आणि चपाती म्हणजे चपातीच. पहिल्या महायुद्धानंतरही काही काळ तिथे आपला रुपयाही चालत होता. 1920 साली तो बंद झाला, पेसा मात्र राहिला, आणि 2007 मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची जी सोय केनियाने आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी केली, तिचं नावच एम-पेसा. आई म्हणाली, "मग ही मराठीच की. नाती तेवढी बिघडली."

हे शब्द तिकडे कसे गेले यावर आमच्या शेजाऱ्यांचं स्वतंत्र मत आहे. ते रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि जगातल्या कुठल्याही घटनेचा धागा झाशीच्या वर्कशॉपपर्यंत आणून पोचवतात. आमचं वर्कशॉप 1895 चं. लगेच पुढच्या वर्षी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे इंग्रजांनी युगांडा रेल्वे टाकायला घेतली आणि 1901 पर्यंत ती नेली. त्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास माणसं नेली. ती बहुतेक पंजाबातली, कराचीहून बोटीने गेलेली, असं मी म्हटलं. शेजारी थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "हमारे दादाजी भी जाने वाले थे." आणि का गेले नाहीत? तर 1898 साली त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी मजूर खाल्ले ना! "शेर का सुना, तो नहीं गए." नारोशंकरांबरोबर आलेल्यांचे वंशज जेवढे झाशीत आहेत, तेवढेच युगांडा रेल्वेला न गेलेल्यांचेही असावेत.

गेलेल्यांनी तिथे चपाती नेली. तिला आता पदर सुटलेले असतात, आपल्या पराठ्यासारखे, आणि केनियात ती सणासुदीला, पाहुण्यांना. आपल्याकडे जी रोज लाटून बायकांचे खांदे गेले ती तिथे कौतुकाची, आणि रोजच्याला हा पाला. पुतणीच्या घरी काम करणाऱ्या बाई चपाती केली की दोन मुलांसाठी बांधून नेतात. आईने हे ऐकलं आणि स्वतःच्या खांद्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू साठ वर्षं ती दिवाळीच करत होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कृती. ही लिहायला मला फार जागा लागणार नाही. तेलात कांदा परता. टोमॅटो घाला. तो मऊ झाला की चिरलेला पाला. मीठ. झाकण. पाच-सात मिनिटं. संपलं.

"मोहरी?" बायकोने विचारलं.

"नाही."

"हळद?"

"नाही गं काकू."

"हिंग-जिरं तरी?"

"काही नाही. नुसतं मीठ."

स्वयंपाकघरात दुखवट्यासारखी शांतता पसरली. फोडणीशिवायची पालेभाजी आमच्या घरात फक्त पथ्याला होते, तीही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. बायको म्हणाली, "बघते," आणि ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. आईने बाहेरून खुर्ची आत ओढून घेतली. कढई लोखंडी, पाला फ्लॉवरचा, माणसं दक्षिणी, आणि मध्ये एकटी केनिया. पुतणीने कांदा परतला, टोमॅटो घातला, पाला घातला, झाकण ठेवलं, आणि तिथेच तिचा फोन वाजला. नैरोबीहून जावई. आमच्या घरात फोनला धड रेंज फक्त गच्चीवर मिळते.

ती गच्चीवर सात मिनिटं होती. त्या सात मिनिटांत काय घडलं याबद्दल कोणी कोणाला अजून दोष दिलेला नाही, कारण सगळेच त्यात होते. बायकोने लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकल्या. "दोनच," ती म्हणाली. त्या चार होत्या. आई उठली. ती पाण्यासाठीसुद्धा उठत नाही, पण उठली, आणि तिळी चतुर्थीला गणेश मंदिरात फोडलेल्या नारळाची वाटी फ्रिजमधून काढून तिने मूठभर खोबरं खवून घातलं. हे किल्ल्यापाशी आहे ते मंदिर, जिथे 1842 साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं. तिथला नारळ कुठल्याही भाजीला बाधत नाही अशी तिची समजूत आहे. मग मी. मी सभ्य माणूस आहे, पण दाण्याच्या कुटाचा डबा समोर होता, झाकण सैल होतं आणि पाला अगदीच उघडाबोडका दिसत होता. मी एक डाव घातला. दुसरा सवयीने गेला.

पुतणी खाली आली, झाकण उचललं आणि पाहत राहिली. आम्ही तिघं तीन दिशांना. नातवाने मात्र सगळं सांगून टाकलं. त्याला पुढे वकील करायचा विचार होता, तो आता आम्ही सोडलाय.

मला वाटलं पोरगी रडते की काय. ती हसायला लागली. "काकू, लसूण चालतो, तिकडेही काही जण घालतात. पण आजी, खोबरं घातलंस ना, त्याने भाजी मोंबासाच्या किनाऱ्यावर गेली. तिकडे नारळाच्या दुधात पालेभाज्या शिजवतात. आणि काका, दाण्याचं कूट घातलंत, म्हणजे सरहद्दच ओलांडलीत. टांझानियात माठाची भाजी अशी दाणे घालून करतात. मी नैरोबीचं करत होते, तुम्ही तिला पार दार-एस-सलामला पोचवलंत."

"मग थोडा हिंग घालू?" आई म्हणाली. "म्हणजे परत येईल."

हिंग पडला. भाजी परत आली.

बरोबर उगाली हवी. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात वैरून, घट्ट होईपर्यंत लाकडी उलथन्याने घोटत राहायचं, मीठसुद्धा नाही. पातेल्याच्या कडा सोडून गोळा फिरू लागला की झाली. केनियात मका पांढरा, आमच्याकडे पिवळा. त्यामुळे गोळा हळद लागल्यासारखा दिसत होता. घोटायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या मिनिटाला माझा हात दुखू लागला, पाचव्या मिनिटाला उलथनं वाकलं, आणि मला कळलं की नैरोबीत लोक व्यायामशाळेत का जात असतील तर उगाली करायची तयारी म्हणून. आईने चव घेतली. "उकड आहे," ती म्हणाली, "फक्त ताक विसरली, मिरची विसरली, आणि फोडणी विसरली." तिच्या मते जगातले सगळे परदेशी पदार्थ म्हणजे आपलेच पदार्थ, करणाऱ्याने काहीतरी विसरून केलेले. शेजारच्या वाटीत कांदा-टोमॅटो-कोथिंबिरीची कचुंबारी होती. ती दही विसरलेली कोशिंबीर.

खायची रीत मात्र आईला एकदम आवडली. उगालीचा लहान गोळा तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने त्याला खड्डा पाडायचा, त्या खड्ड्यात भाजी भरायची आणि तोंडात. चमचा नाही, काटा नाही. ब्याऐंशी वर्षांची बाई, आयुष्यभर मोदकाला पाऱ्या पाडलेला अंगठा. पहिल्या घासाचा तिचा खड्डा पुतणीपेक्षा सुबक आला. तिने पाच गोळे खाल्ले. शेवटचा खाताना म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना... नाही, तुझ्या आजोबांना आवडली असती. पंचवीस तारखेनंतरची." नाती अजून थोडी स्वाहिलीतच होती.

उरलेली भाजी रात्री शेजाऱ्यांकडे गेली. डबा परत आला तेव्हा त्यात दोन मेथीचे पराठे होते आणि निरोप होता की वर्कशॉपच्या कँटीनमध्ये असंच काहीतरी मिळायचं. मुळ्याच्या पाल्याला 'झाशीची भाजी' करणाऱ्या मावशीला पुतणीने फोनवर कृती सांगितली. खोबऱ्यासकट, कुटासकट, हिंगासकट. मावशीने ती लिहून घेतली. पुण्यात आता तिचं नाव काय पडेल, ते बघायचं.

पुतणी गेली. गाडी साडेतीन तासच लेट होती, म्हणजे धुकं निवळत होतं. जाताना तिने आईला एक लाकडी उलथनं आणि सुकुमाचं बी पुढच्या खेपेला आणायचं कबूल केलं. आईने कुंडी आत्ताच रिकामी करून ठेवली आहे. त्यातला गुलाब मला विचारून काढला नाही.

नंतरच्या गुरुवारी मी सिपरी बाजारात गेलो. आईने स्वतःहून म्हटलं होतं, "ती ढकल-आठवडा करू या का परत?" भाजीवाला माझ्याकडे पाहून हसला. नेहमीचा ढीग दिसेना. त्याच्या जागी फ्लॉवरच्या कोवळ्या पानांच्या चार जुड्या, रबर लावून, पाणी शिंपडून, मेथीच्या शेजारी मांडलेल्या.

"कित्ते की?" मी विचारलं.

"दस की गड्डी. बाबूजी, अब तो लोग लै जा रए. वो तुमाए परोसी बता गए, अफ्रीका की भाजी है।"

मी पाकीट काढलं. शेजारी कुणीतरी जोरात श्वास सोडला. वाकड्या शिंगाची पांढरी गाय होती. तिने आधी जुड्यांकडे पाहिलं, मग त्या दहाच्या नोटेकडे, मग माझ्याकडे, आणि बराच वेळ माझ्याकडेच.

मी दोन जुड्या घेतल्या. एक तिला दिली.